धावण्याच्या व्हिडिओवर स्टॉपवॉच बसवायचं, पण शून्य कुठे धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी शालेय स्पर्धांत २०० मीटर धावते. वडील अंतिम रेषेपाशी उभे राहून मोबाइलवर शूटिंग करतात आणि घरी आल्यावर त्या व्हिडिओच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच बसवतात. त्यासाठी त्यांनी हिरव्या पडद्यावरचं तयार घड्याळ उतरवून घेतलं, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये हिरवा रंग उडवला आणि घड्याळ वर चिकटवलं. व्हिडिओत वेळ आली २९.६०, सरांच्या स्टॉपवॉचवर होती ३०.१. आता चुकलं कोण, आणि आपल्याला हवं तसं घड्याळ नीट बसवायचं कसं?

घड्याळ बसवणं ही यातली सोपी बाजू आहे, दहा-पंधरा मिनिटांत शिकता येते. खरी मारामारी असते ती शून्य कुठल्या फ्रेमवर, म्हणजे व्हिडिओतल्या कुठल्या सुट्या चित्रावर, ठेवायचा याची. तुमचा अर्धा सेकंद बहुतेक तिथेच गेलाय, म्हणून आधी तेवढं बघू. सॉफ्टवेअर मागाहून.

तुम्ही शून्य धरलात तो आवाजावर. शर्यत सोडताना दोन फळ्या एकमेकींवर आपटतात, त्या क्लॅपरचा ‘खट्ट’ ऐकू आला तिथे घड्याळ सुरू. पण तुम्ही उभे होतात अंतिम रेषेवर आणि स्टार्टर होता २०० मीटरच्या सुरुवातीला. ४०० मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर २०० ची शर्यत दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी सुरू होते आणि सरळ पट्ट्याच्या टोकाला संपते. सरळ पट्टा ८४.३९ मीटरचा, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर. म्हणजे मैदानाच्या आरपार, तिरक्या रेषेत हे अंतर भरतं सुमारे ११२ मीटर. पंचवीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४६ मीटर जातो. ११२ भागिले ३४६, म्हणजे ०.३२ सेकंद. तुमच्या मोबाइलने ‘खट्ट’ टिपला तेव्हा मुली ०.३२ सेकंद आधीच सुटलेल्या होत्या. घड्याळ तेवढं उशिरा सुरू झालं, म्हणून वेळ तेवढी कमी आली.

तीस सेकंदांत २०० मीटर म्हणजे सेकंदाला सरासरी पावणेसात मीटरच्या आसपास. या वेगाने ०.३२ सेकंद म्हणजे दोन मीटरहून जास्त. शालेय शर्यतीत तेवढ्या अंतरात दोन-तीन मुली मागेपुढे होतात.

ही गोष्ट पंचांना फार जुनी माहीत आहे. हातातल्या स्टॉपवॉचने वेळ घेणाऱ्याला शिकवतात ते हेच, की पिस्तुलाच्या आवाजावर नको, धुरावर किंवा ठिणगीवर बटण दाब. डोळ्याला दिसायला वेळ लागत नाही, कानाला लागतो. क्लॅपर असेल तर दोन फळ्या मिटताना दिसायला हव्यात. म्हणूनच चांगला स्टार्टर हात उंच धरून क्लॅपर वाजवतो आणि पाठीमागे गडद रंगाचं काहीतरी असेल अशी जागा बघतो.

मात्र हे प्रत्येक शर्यतीत सारखं नसतं. १०० मीटरमध्ये सुरुवात आणि शेवट एकाच सरळ रेषेवर, तेव्हा फरक ०.२९ सेकंद. ४०० मीटरची सुरुवात अंतिम रेषेपाशीच होते, तिथे स्टार्टर तुमच्या जवळच असतो आणि हा प्रश्नच उद्भवत नाही. शाळेचं मैदान लहान असून २०० मीटरचाच ट्रॅक आखला असेल तर २०० मीटरलाही नाही. आणि हिशेबात धरायचं ते स्टार्टर कुठे उभा आहे ते अंतर; धावपटू कुठे आहेत ते नव्हे.

उरलेले दोन दशांश कुठे गेले असतील? शेवट ठरवताना तुम्ही बहुधा बूट रेषेवर पडलेली फ्रेम धरली असणार. नव्याने सुरुवात करणारे सगळेच तसं करतात. नियम धडाचा आहे. डोकं, मान, हात, पाय यातलं काहीही आधी पोचलं तरी मोजत नाहीत, छाती-पोटाचा भाग रेषेच्या अलीकडच्या कडेला आला की वेळ थांबते. पुढे टाकलेलं पाऊल धडाच्या अर्धा मीटर पुढे असलं तर तुमच्या मुलीच्या वेगाला ०.०७ सेकंद गेला. बाकीचं मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये बोटाने घड्याळ सरकवताना गेलं असणार, कारण तिथे एका फ्रेमच्या अचूकतेने काही सरकवणं महाकठीण.

सरांचं घड्याळ तरी बरोबर होतं का? तेही पूर्ण बरोबर नसतं. क्लॅपर दिसल्यावर अंगठा दाबायला माणसाला साधारण दोन दशांश लागतात, तेवढा उशीर सुरुवातीला होतो. शेवटी मात्र धावपटू समोरून येताना दिसत असल्याने अंगठा तयारच असतो. म्हणून हाताने घेतलेली वेळ नेहमी थोडी कमी येते. नियमानुसार ती पुढच्या दशांशावर चढवून लिहितात, ३०.०२ आले तरी ३०.१. विद्युत यंत्राने घेतलेल्या वेळेशी तुलना करायची असली की १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद आणि ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवायचा रिवाज आहे. मिल्खा सिंग यांची १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधली ४०० मीटरची वेळ अजूनही दोन आकड्यांत सांगितली जाते, हातघड्याळाची ४५.६ आणि विद्युत यंत्राची ४५.७३. १९९८ मध्ये परमजित सिंगने कोलकात्यात ४५.७० सेकंदांत शर्यत संपवली, तेव्हा एका आकड्याने विक्रम मोडला होता आणि दुसऱ्याने नव्हता. तेव्हा सरांशी वाद घालायला जाऊ नका. तुमची दोन्ही घड्याळं वेगवेगळ्या कारणांनी कमी दाखवत होती.

आता शून्य नीट धरायचा कसा. माझ्या मते सगळ्यांत भरवशाची पद्धत दोन मोबाइलची. शर्यतीआधी दोन्ही फोन शेजारी शेजारी धरा, दोन्हींवर रेकॉर्डिंग चालू करा आणि दोघांच्या समोर एक खणखणीत टाळी वाजवा. रेकॉर्डिंग बंद न करता एक फोन स्टार्टरपाशी थांबणाऱ्या माणसाकडे द्या आणि दुसरा घेऊन तुम्ही अंतिम रेषेवर जा. मधली पाच-सात मिनिटं गवत, चपला आणि लोकांच्या गप्पा रेकॉर्ड होतील, होऊ देत. घरी संगणकावर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही व्हिडिओ दोन ट्रॅकवर, म्हणजे एकाखाली एक असलेल्या दोन पट्ट्यांवर, टाका. आवाजाच्या आलेखात टाळी सुळक्यासारखी वर आलेली दिसते, ते दोन सुळके एकाखाली एक आणा. आता दोन्ही फोन एका वेळेवर आले. स्टार्टरजवळच्या व्हिडिओत फ्रेम फ्रेम पुढे जाऊन क्लॅपरच्या फळ्या मिटल्या ती फ्रेम शोधा, तोच शून्य. शेवट बघायचा अंतिम रेषेच्या व्हिडिओत. आवाजाचा मैदान ओलांडण्याचा प्रवास या हिशेबातून निघूनच जातो.

दुसरा माणूस मिळाला नाही तर आवाजावरच शून्य शोधा आणि हिशेबाने मागे सरका. सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर प्रमाणित ट्रॅकच्या २०० मीटरला १९ फ्रेम मागे, १०० मीटरला १७ फ्रेम मागे. एवढं केलं तरी तुमच्या चुकीचा मोठा वाटा जातो.

शूटिंगच्या वेळी सांभाळायच्या गोष्टी तशा मोजक्या आहेत, पण त्यातली एक हुकली तरी पुढचं सगळं पाण्यात. फोन अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत हवा, म्हणजे रेषेची जवळची आणि लांबची दोन्ही टोकं पडद्यावर एकामागे एक दिसली पाहिजेत. दोन पावलं पुढे उभं राहून तिरकं बघितलं तर आठव्या लेनची मुलगी आधी पोचल्यासारखी दिसते किंवा नंतर, आणि त्या वेगाला एक मीटरची चूक म्हणजे ०.१५ सेकंद. फोन स्टँडवर ठेवा, हातात नको. आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये प्रकाशानुसार फ्रेम आपोआप कमी-जास्त करणारा पर्याय असतो, ‘ऑटो एफपीएस’ किंवा तशाच नावाचा, तो बंद करा. संध्याकाळच्या हीट्समध्ये, म्हणजे प्राथमिक फेऱ्यांत, उजेड कमी झाला की हा पर्याय फोनला गुपचूप ३० वरून २४ फ्रेमवर आणतो.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मोबाइलचा व्हिडिओ बहुतेकदा ठरावीक वेगाचा नसतो. फोन म्हणतो ३० फ्रेम, पण दोन फ्रेममधलं अंतर कधी ३३ मिलिसेकंद, कधी ३०, कधी ४०. नुसतं बघताना काही कळत नाही. पण संपादनाचं सॉफ्टवेअर ‘प्रत्येक फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग’ असं धरून चालतं आणि घड्याळ हळूहळू घसरतं. उपाय सोपा आहे. काम सुरू करण्याआधी व्हिडिओ स्थिर फ्रेमदराचा करून घ्यायचा. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं, त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायचं. शॉटकट या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये असा व्हिडिओ उघडला की ते स्वतःच विचारतं, ‘एडिट-फ्रेंडली’ करू का म्हणून. हो म्हणा. फाइल मोठी होते, पण काम झाल्यावर ती उडवता येते.

शॉटकटचं नाव घेतलं, कारण या कामाला मी तेच सुचवतो. मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि त्यात ‘टायमर’ नावाचा फिल्टर तयारच आहे. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह हे दुसरं संपादनाचं सॉफ्टवेअर अधिक ताकदीचं आहे यात वाद नाही, पण नुसतं घड्याळ लावायला त्याच्या फ्यूजन विभागात शिरणं म्हणजे लिंबू कापायला कोयता काढणं. शिवाय जुन्या लॅपटॉपवर ते धापा टाकतं.

शॉटकटमध्ये माझी पद्धत अशी. आधी प्रोजेक्टचा व्हिडिओ मोड तुमच्या व्हिडिओच्या फ्रेमदराशी जुळवून घ्या. ६० चा व्हिडिओ ३० च्या प्रोजेक्टमध्ये टाकला तर अर्ध्या फ्रेम तिथेच गेल्या. मग व्हिडिओ खालच्या ट्रॅकवर ठेवा आणि वरच्या ट्रॅकवर एक पारदर्शक रंगाची क्लिप टाका, ‘ओपन अदर’मधून ‘कलर’ निवडून रंग पारदर्शक ठेवायचा. टायमर फिल्टर या पारदर्शक क्लिपला लावायचा, व्हिडिओला नाही. यामागे कारण आहे. पुढे तुम्ही व्हिडिओ कापाल, मध्येच झूम कराल, रंग सुधाराल, तेव्हा घड्याळ त्या सगळ्यापासून वेगळं राहतं. व्हिडिओलाच चिकटवलेलं घड्याळ व्हिडिओबरोबर झूम होऊन चौकटीबाहेर गेलेलं मी कितीतरी जणांच्या कामात पाहिलंय.

टायमरमध्ये तीन जागा महत्त्वाच्या. ‘स्टार्ट डिले’ म्हणजे शून्यावर किती वेळ थांबायचं. ‘ड्युरेशन’ म्हणजे किती वेळ पळून जागच्या जागी गोठायचं. ‘ऑफसेट’ म्हणजे शून्याऐवजी कुठून मोजायला लागायचं. बाणाच्या कळीने फ्रेम फ्रेम चालत क्लॅपर मिटल्याच्या फ्रेमवर या आणि स्टार्ट डिलेच्या शेजारचं छोटं बटण दाबा, चालू फ्रेमची वेळ आपोआप भरली जाते. मग धड रेषेवर आलेल्या फ्रेमवर जा आणि ड्युरेशनच्या शेजारचं बटण दाबा. झालं. मुली ‘सेट’ म्हटल्यावर कमरा उचलतात तोवर घड्याळ ०.० वर स्वस्थ उभं, क्लॅपरबरोबर सुटतं आणि तुमची मुलगी रेषेवर आली की तिच्या वेळेवर थांबतं. मागून येणाऱ्या मुली पुढे पळत राहतात, घड्याळ थांबलेलंच. तयार घड्याळाच्या क्लिपमध्ये नेमकी हीच सोय नसते. ते मोजतच राहतं, आणि वेळ गोठवायची तर ती क्लिप नेमक्या फ्रेमला कापून ते चित्र धरून ठेवावं लागतं.

दोन मुलींची तुलना हवी असेल तर वरच्या ट्रॅकवर आणखी एक पारदर्शक क्लिप, दुसरा टायमर, तोच स्टार्ट डिले, ड्युरेशन वेगळं. दोन घड्याळं एकाखाली एक आणि शेजारी लेनचा क्रमांक. मधली वेळ, म्हणजे २०० मीटरमध्ये पहिल्या १०० ची, दाखवायची तर मात्र साधा मजकूरच टाका. घड्याळ थांबवायची भानगड नको. तिथल्या फ्रेमवर टायमर काय दाखवतो ते वाचायचं आणि त्या क्षणापासून घड्याळाखाली छोट्या अक्षरात लिहायचं. अट एवढीच की १०० मीटरच्या खुणेला कॅमेरा तिरका बघत असतो, त्यामुळे ती वेळ ढोबळ. तिथे खुणेच्या सरळ रेषेत तिसरा फोन ठेवल्याशिवाय तिचा दशांशसुद्धा खरा मानू नका.

आता आकडे किती दाखवायचे? टायमर फिल्टर हवं तर हजारांशापर्यंत दाखवतो. दाखवू नका. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद जातात आणि तुमची मुलगी २२ सेंटिमीटर पुढे सरकते. ती रेषेवर आली तो क्षण दोन फ्रेमच्या मध्येच कुठेतरी हरवलेला असतो. अशा व्हिडिओवर ‘३०.१३’ लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. ३० आणि ६० फ्रेमला एकच दशांश स्थळ ठेवा. १२० किंवा २४० फ्रेमला शतांश दाखवायला हरकत नाही, कारण २४० ला एक फ्रेम चार मिलिसेकंदांची आणि तेवढ्यात ती तीन सेंटिमीटरही पुढे जात नाही. पण शून्यही तितकाच नेमका धरलेला असेल तरच.

शतांशाची किंमत आपल्याकडे वेगळी सांगायला नको. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाला ४०० मीटर अडथळ्यांत ५५.४२ सेकंद लागले आणि कांस्यपदक ५५.४१ वर गेलं. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला, सुवर्ण ८:११.१५ ला गेलं. ते पाच शतांश ३० फ्रेमच्या व्हिडिओत दीड फ्रेम भरतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत साधा कॅमेरा वापरत नाहीत. तिथला फोटो-फिनिश कॅमेरा फक्त अंतिम रेषेची एक उभी चीर सेकंदाला हजाराच्या घरात वेळा टिपतो आणि त्या चिरा शेजारी शेजारी मांडून चित्र तयार होतं. त्याचं घड्याळही स्टार्टरच्या पिस्तुलाला जोडलेलं असतं, म्हणून आवाजाचा किंवा अंगठ्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या फोनकडून ती अपेक्षा ठेवू नये.

स्लो मोशनबद्दल. ‘घड्याळ स्लो मोशनमध्येही खरी वेळ दाखवेल का?’ असं हमखास विचारतात. दाखवेल, पण क्रम सांभाळावा लागतो. आधी नेहमीच्या वेगाच्या व्हिडिओवर घड्याळ बसवून, त्याच फ्रेमदराने आणि उंच दर्जाने फाइल बाहेर काढायची. मग ती घड्याळासकट फाइल पुन्हा आत घेऊन हवा तो तुकडा मंद करायचा. घड्याळ आता चित्राचाच भाग झालंय, ते चित्राबरोबरच मंद होतं. उलट क्रमाने गेलात तर धावपटू मंद आणि घड्याळ भरधाव, असा विनोद होतो.

फोनच्या स्लो मोशन पर्यायात आणखी एक खाच आहे. काही फोन २४० फ्रेमचा व्हिडिओ २४० चाच जपून ठेवतात आणि फक्त दाखवताना मंद करतात. काही मात्र तो आधीच आठपट ताणून ३० चा म्हणून साठवतात. दुसऱ्या प्रकारच्या फाइलवर घड्याळ लावलं तर तीस सेकंदांची शर्यत चार मिनिटांची होते. फाइलची लांबी बघितली की कुठला प्रकार ते लगेच कळतं. ताणलेली असेल तर आधी वेग आठपट करा, प्रोजेक्ट २४० फ्रेमचं ठेवा आणि मग घड्याळ लावा.

दिसण्याविषयी माझी मतं ठाम आहेत, पटली तर घ्या. अक्षरटंक असा निवडा ज्यात सगळे अंक सारख्याच रुंदीचे असतात. नाहीतर एकचा आकडा बारीक असल्याने प्रत्येक दशांशाला अख्खं घड्याळ डावी-उजवीकडे थरथरतं आणि बघणाऱ्याचं लक्ष मुलीऐवजी तिकडेच जातं. पांढरे आकडे, मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी. लाल सिंथेटिक ट्रॅक, मुरमाचं मैदान किंवा दुपारचं पांढरं आकाश, तिन्हींवर वाचता येतं. निऑन हिरवा, चमकणाऱ्या कडा, सात-रेषांचे डिजिटल आकडे हे फक्त पहिल्या दिवशी छान वाटतं. आकड्यांची उंची चित्राच्या उंचीच्या सात-आठ टक्के पुरे. जागा वरचा कोपरा, तोही धावपटू जिथून येतात त्याच्या विरुद्ध बाजूचा. खालचा भाग टाळा, उभ्या व्हिडिओत तिथे अ‍ॅपची बटणं आणि मजकूर येऊन बसतो.

घड्याळात मराठी आकडे हवेत असं कुणाला वाटत असेल तर टायमर फिल्टरवर विसंबता येत नाही, तो इंग्रजी आकडेच देतो. तिथे थोडी वेगळी वाट आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत पिलो ही चित्रांची लायब्ररी वापरून प्रत्येक फ्रेमसाठी पारदर्शक पार्श्वभूमीचं एक छोटं पीएनजी चित्र काढायचं. वेळेचे इंग्रजी आकडे बदलून देवनागरी ० ते ९ मध्ये लिहायचे आणि प्रत्येक आकडा आपल्या ठरलेल्या चौकटीत मध्यभागी बसवायचा, म्हणजे थरथर आपोआप मिटते. नुसत्या अंकांना काना-मात्रा किंवा जोडाक्षरांची कटकट नसल्याने देवनागरी जुळणीची जी डोकेदुखी एरवी असते ती इथे नाही. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखे मोफत टंक चालतात. ६० फ्रेमच्या हिशेबाने तीस सेकंदांसाठी अठराशे चित्रं लागतात, संगणक ती चहा होईपर्यंत काढतो. ती चित्रमालिका एक क्लिप म्हणून वरच्या ट्रॅकवर टाकायची. एकदा दहा मिनिटांची मालिका करून ठेवली की पुढच्या सगळ्या शर्यतींना तीच चालते, फक्त शून्याची फ्रेम जुळवून घ्यायची.

ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटत नाही त्यांच्यासाठी एफएफएमपेग हे आज्ञांवर चालणारं व्हिडिओचं सॉफ्टवेअर आहे. त्याचा ड्रॉटेक्स्ट फिल्टर प्रत्येक फ्रेमच्या स्वतःच्या वेळखुणेवरून आकडा लिहितो. त्यामुळे फ्रेमचा दर वरखाली झालेल्या मोबाइलच्या व्हिडिओवरही तो घसरत नाही. सुरुवातीच्या फ्रेमची वेळ वजा करायची, रेषेवर पोचल्यावर तो मजकूर बंद करून अंतिम वेळेचा स्थिर मजकूर चालू करायचा. एकाच दिवसाच्या वीस हीट्स असतील तर याला पर्याय नाही. एकुलत्या एका व्हिडिओसाठी मात्र एवढ्या खटाटोपात पडू नका.

मोबाइलवरच काम भागवायचं असेल तर काइनमास्टरसारख्या अ‍ॅपमध्ये हिरव्या पडद्याची तुमची पद्धत चालते, ती चुकीची नाही. फक्त तयार घड्याळाची क्लिप कोणत्या फ्रेमदराची आहे ते बघा. २९.९७ ची क्लिप कुणी ३० ची समजून तयार केली असेल तर ती हजारात एक इतकी चुकते. तीस सेकंदांच्या शर्यतीत ते कळणारही नाही, पण आठ मिनिटांच्या ३००० मीटरला जवळपास अर्धा सेकंद होतो.

कुठल्याही पद्धतीने केलंत तरी भरवसा ठेवण्याआधी एक कसोटी घ्या. दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच चालू करून त्याचा मिनिटभर व्हिडिओ तुमच्या नेहमीच्या सेटिंगवर काढा, एकदा उन्हात आणि एकदा संध्याकाळच्या उजेडात. त्यावर तुमचं घड्याळ बसवा. सुरुवातीला दोन्ही जुळवा आणि साठाव्या सेकंदाला काय दिसतं ते बघा. एखाद्या फ्रेमचा फरक ठीक. त्याहून जास्त असेल तर फ्रेमदराची गडबड आहे, ती मैदानावर जाण्याआधी सोडवा.

बाकीच्या खेळांचं थोडक्यात. खो-खोत बचावपटू किती टिकला ते मिनिटं-सेकंदांत मोजतात, वर्तमानपत्रात ‘१ मि. ४० से.’ असंच छापतात. तिथे दशांश दाखवून उपयोग नाही, पण बाद झाल्याच्या क्षणी घड्याळ गोठायला हवं. कबड्डीच्या चढाईला उलटं घड्याळ लावा, टायमरची दिशा ‘डाउन’ आणि ड्युरेशन ३० सेकंद. शेवटच्या पाच सेकंदांत रंग लाल हवा असेल तर तेवढ्यासाठी दुसरा टायमर त्याच जागी ठेवायचा. पोहण्यात २५ मीटरच्या तलावात आवाजाचा उशीर फार तर ०.०७ सेकंद, पण हात भिंतीला लागतो तो क्षण उसळलेल्या पाण्यात दिसतच नाही, म्हणून शेवट वरून शूट करावा लागतो.

व्हिडिओ तयार झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवू नका. ते इतकं दाबतं की दशांशाचा आकडा पुसट ठिपका होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. सरांना पाठवताना खाली एक ओळ लिहा, की वेळ व्हिडिओवरून काढलेली आहे, ६० फ्रेम, शून्य क्लॅपर दिसल्यावर धरलेला. कुठल्याही स्पर्धेच्या प्रवेशिकेत किंवा विक्रमासाठी ही वेळ चालत नाही, ते त्यांना माहीत असतंच. पण मागच्या महिन्याच्या आणि या महिन्याच्या दोन व्हिडिओंत शून्य एकाच पद्धतीने धरलेला असेल तर मुलगी वळणावर वेळ घालवते की शेवटच्या ५० मीटरला ढिली पडते, हे त्यांना त्या दोन फाइलींतून नेमकं बघता येईल.